निरंतर प्रार्थनेत टिकून राहणे: नोकरी, घर आणि उत्तराविना गेलेली वर्षे

कृष्णाकाठ (सांगली)

सर्वांना प्रभूच्या नावाने सलाम.

पौलाने थेस्सलनीकाच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात ‘निरंतर प्रार्थना करा’ अशी आज्ञा आहे. संडे स्कूलमध्ये हे वचन आपण सर्वांनीच पाठ केले असेल. ते पाळायचे कसे, हा प्रश्न मात्र मला चाळिशी ओलांडल्यावर खऱ्या अर्थाने पडला आहे.

माझ्या अडचणी दोन आहेत. पहिली कामाची. मी मार्केट यार्डातल्या हळदीच्या एका अडत दुकानात हिशेब लिहिते. सौदे सुरू असताना वजन, दर आणि तोलाई-हमालीची वजावट यांखेरीज दुसरे काही डोक्यात ठेवता येत नाही, कारण पट्टीतला, म्हणजे शेतकऱ्याला द्यायच्या हिशेबाच्या कागदातला, एक आकडा चुकला तर कुणाच्या तरी वर्षभराच्या कष्टाचे पैसे चुकतात. सकाळी घरातून निघण्यापूर्वीची प्रार्थना आणि रात्रीची कुटुंबप्रार्थना नियमाने होते. त्यामधल्या साऱ्या दिवसात मी आज्ञेबाहेर असते, असे समजायचे का?

दुसरी अडचण जड आहे. माझा धाकटा भाऊ वडिलोपार्जित घराच्या वाटणीवरून निघून गेला. तेव्हापासून तो आमच्याशी बोलत नाही आणि कोणत्याही मंडळीत जात नाही. आईच्या अंत्यविधीलाही तो आला नाही. त्याच्यासाठी मी कित्येक वर्षे एकच प्रार्थना करीत आले आहे. हल्ली शब्द तेच निघतात, पण मन त्यात नसते. थांबावे असे वाटते. आणि थांबले तर आपणच त्याला सोडून दिले असे होईल, ही भीतीही वाटते.

ज्यांनी अशी लांब पल्ल्याची प्रार्थना केली आहे, त्यांनी आपले अनुभव लिहावेत. वचने जरूर सांगावीत, पण वचन सांगून कुणी थांबू नये, एवढी विनंती.

रात्रपाळी (मिरज)

ताई, मी परिचारिका आहे, म्हणून तुमच्या पहिल्या अडचणीविषयी अधिकाराने बोलते. इंजेक्शनचा डोस काढताना मी प्रार्थना करीत नाही; त्या वेळी मी डोसच काढते आणि दोनदा तपासते. त्या क्षणी रुग्णाचे भले माझ्या लक्षातच आहे. मिशनच्या रुग्णालयांत शस्त्रक्रियेपूर्वी प्रार्थना करण्याची प्रथा आहे. डॉ. विल्यम वानलेस यांनी 1894 मध्ये मिरजेत रुग्णालय उघडले, तेव्हापासून या शहरात आमच्या पेशातल्या कितीतरी पिढ्या या वळणात वाढल्या. प्रार्थना संपली की सर्वांचे लक्ष टेबलावर असते, आणि तेथे दुसरीकडे लक्ष असणे कोणत्याही देवभक्ताला शोभणार नाही.

मी स्वतः एक सवय लावून घेतली आहे. प्रत्येक रुग्णाकडे जाण्यापूर्वी आम्हांला हात धुवावेच लागतात. पाणी हातावर असेपर्यंत मी त्या रुग्णाचे नाव घेऊन एक वाक्य बोलते. नवीन वेळ काढावा लागत नाही आणि विसरही पडत नाही, कारण हात धुण्याचे विसरून चालतच नाही. तुमच्या कामात असे वारंवार येणारे काही आहे का ते पाहा. पट्टीवर शेतकऱ्याचे नाव लिहावे लागत असेलच.

विश्वासवाट (कराड)

जय ख्रिस्त. माझे मत थोडे वेगळे आहे आणि ते कुणाला कठोर वाटू नये. मार्काच्या शुभवर्तमानाच्या 11व्या अध्यायात प्रभू म्हणतात की, प्रार्थनेत जे काही मागाल ते मिळाले आहे असा विश्वास धरा. आपल्या गरजा आपण मागण्यापूर्वीच पित्याला ठाऊक असतात, असे मत्तयाच्या 6व्या अध्यायात आहे. मग एकच विनंती वर्षानुवर्षे रोज नव्याने मांडणे म्हणजे कालच्या विनंतीवर आपलाच विश्वास नसल्यासारखे होत नाही का?

आमच्या घरी मुलाच्या दीर्घ आजारात मी आणि पत्नीने एकदा उपास करून, गुडघे टेकून विनंती केली आणि त्यानंतर त्या विषयावर केवळ उपकारस्तुती केली. औषधोपचार चालूच होते. पण घरातली काळजी त्या दिवसापासून उतरली. ताईंनीही भावाला एकदा प्रभूच्या हाती सोपवावे आणि पुढे फक्त आभार मानावेत.

तासगावकर

विश्वासवाट दादा, तसे असते तर प्रभूंनी विधवेचा दाखला सांगितलाच नसता. ती तर न्यायाधीशाकडे पुनःपुन्हा जात होती.

निवृत्त पाळक (वाई)

ताईंनी वचन सांगून थांबू नका असे म्हटले आहे, म्हणून ज्या पत्रातले वचन त्यांनी घेतले त्याच पत्राकडे जरा सावकाश पाहू.

हे पत्र पौलाच्या सर्वांत आधीच्या पत्रांपैकी एक मानले जाते. त्याचा काळ साधारण इसवी सन 50 च्या सुमाराचा. लिहिणारा मनुष्य मठात राहणारा नव्हता. प्रेषितांच्या कृत्यांच्या 18व्या अध्यायात त्याचा व्यवसाय तंबू बनविण्याचा सांगितला आहे, आणि याच पत्राच्या 2ऱ्या अध्यायात तो म्हणतो की कुणावर भार पडू नये म्हणून आम्ही रात्रंदिवस कामधंदा केला. पुढच्याच अध्यायात तो सांगतो की आम्ही रात्रंदिवस तुमच्यासाठी प्रार्थना करतो. काम आणि प्रार्थना या दोहोंना त्याने तोच ‘रात्रंदिवस’ लावला आहे. टोच्याने जाड कापड शिवणाऱ्या माणसालाही लक्ष टाक्यावरच ठेवावे लागत असणार. तेव्हा सौद्याच्या वेळी तुम्ही आज्ञेबाहेर असता, असे निदान त्या पत्राच्या लेखकाने म्हटले नसते.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. त्या रात्रंदिवसाच्या प्रार्थनेत तो काय मागत होता? थेस्सलनीकाच्या लोकांचे तोंड पुन्हा पाहायला मिळावे, हे. विरोधामुळे त्याला ते शहर घाईने सोडावे लागले होते. परत येण्याचा त्याने प्रयत्न केला, पण सैतानाने अडवले, असे तो स्वतः लिहितो. म्हणजे ‘निरंतर प्रार्थना करा’ असे सांगणारा मनुष्य त्याच वेळी दुरावलेल्या माणसांची भेट मागत होता आणि त्याला ती मिळालेली नव्हती. काही वर्षांनी तो मासेदोनियातून पुन्हा गेला. कृत्यांच्या 20व्या अध्यायात त्याच्याबरोबर प्रवास करणाऱ्यांत थेस्सलनीकाचे अरिस्तार्ख आणि सकुंद यांची नावे आहेत. पत्र लिहिताना मात्र यातले काहीच त्याच्या समोर नव्हते.

आता विधवेच्या दाखल्याविषयी. तासगावकरांनी तो योग्य जागी आणला, पण त्याचा एक अर्थ लोक सहज चुकीचा घेतात: देव त्या न्यायाधीशासारखा आहे आणि त्याला त्रास देऊन कंटाळवावे लागते. प्रभूंनी तेथे तुलना केली आहे ती विरोध दाखविण्यासाठी. देवाला न भिणारा आणि माणसाची पर्वा न करणारा न्यायाधीशसुद्धा अखेर ऐकतो, तर आपल्या निवडलेल्यांचा रात्रंदिवस धावा ऐकणारा देव किती अधिक ऐकेल! त्या बाईजवळ पैसा नव्हता, वशिला नव्हता. येत राहणे एवढेच तिच्या हाती होते. दाखल्याच्या शेवटी प्रभू विचारतात की, मनुष्याचा पुत्र येईल तेव्हा त्याला पृथ्वीवर विश्वास आढळेल काय? तिचे येत राहणे यालाच त्यांनी विश्वास म्हटले, असे मला वाटते. विश्वासवाट यांना पुन्हा मागणे हे अविश्वासाचे लक्षण वाटते. लूकाच्या 18व्या अध्यायात नेमके उलट दिसते.

विश्वासवाट (कराड)

पाळकसाहेब, आपले विवेचन आदराने वाचले. तरीही एक प्रश्न उरतो. पौलाने आपल्या शरीरातील काट्याविषयी तीन वेळा विनंती केली आणि ‘माझी कृपा तुला पुरे आहे’ हे उत्तर मिळाल्यावर तो थांबला. चौथ्यांदा मागितल्याचे कोठेही लिहिलेले नाही. म्हणजे थांबण्याचीही एक वेळ असते. ती न ओळखता मागत राहणारा मनुष्य देवाचे ‘नाही’ ऐकण्यास तयार नसतो, ही शक्यता आपण धरली पाहिजे.

रात्रपाळी (मिरज)

पौलाला उत्तर मिळाले होते म्हणून तो थांबला. ताईंना अजून काहीच उत्तर मिळालेले नाही. या दोन स्थितींत अंतर आहे. मौन म्हणजे नकार असे आपण आपल्या मनाने ठरवू नये.

जपमाळ (पाचगणी)

मी कॅथोलिक आहे आणि या धाग्यावर बहुधा एकटाच. ताईंनी लिहिले की शब्द तेच निघतात आणि मन त्यात नसते. आमच्या घरी संध्याकाळी जपमाळेची प्रार्थना होते. थकून आलेल्या वडिलांचे मन प्रत्येक मण्यावर असेल असे मी म्हणणार नाही, पण त्यांची बोटे मण्यांवरून पुढे जात आणि आम्ही मुले त्यांच्याबरोबर असू. आईच्या शेवटच्या आजारात नवे शब्द सुचणे बंद झाले, तेव्हा लहानपणापासूनचे ठरलेले शब्द तेवढे उरले, आणि त्यांनी आम्हांला धरून ठेवले. सकाळी, दुपारी आणि सायंकाळी देवदूताच्या निरोपाची प्रार्थना करण्याची आमची जुनी चाल आहे. घंटा झाली की हातातले काम क्षणभर थांबायचे. दानीएलही यरुशलेमेकडील खिडक्या उघडून दिवसातून तीनदा प्रार्थना करीत असे. ठरलेली वेळ आणि ठरलेले शब्द यांना कमी लेखू नये, असे मला मनापासून वाटते.

तासगावकर

जपमाळ दादा, आपल्या भावनेचा मान ठेवून विचारतो. परराष्ट्रीयांसारखी व्यर्थ बडबड करू नका, असे प्रभूंनी डोंगरावरील प्रवचनात सांगितले आहे. मग तेच शब्द पुनःपुन्हा म्हणणे त्यात येत नाही का?

जपमाळ (पाचगणी)

दादा, त्याच शुभवर्तमानाचा 26वा अध्याय उघडावा. गेथशेमाने बागेत प्रभू तिसऱ्यांदा प्रार्थना करायला गेले तेव्हा त्यांनी पुन्हा तेच शब्द उच्चारले, असे मत्तय लिहितो. आपण अधिक बोललो म्हणून देव ऐकेल, या समजुतीला त्यांनी व्यर्थ म्हटले. दुःखात पुन्हा आलेल्या त्याच शब्दांना त्यांनी व्यर्थ मानले असते, तर स्वतः तसे केले नसते.

तासगावकर

हे लक्षात आले नव्हते. अध्याय पुन्हा वाचतो.

माहेर केडगाव (सातारा)

मी घरगुती डबे करून देते. पहाटे कणीक मळायला घेतली की दुपारपर्यंत हात रिकामा नसतो. 17व्या शतकात पॅरिसच्या कार्मेल मठात बंधू लॉरेन्स नावाचे एक सेवक होऊन गेले. त्यांच्याकडे स्वयंपाकघराचे काम होते आणि भांड्यांच्या गडबडीतही आपण देवाच्या सान्निध्यात तितकेच असतो जितके वेदीपुढे, असे ते सांगत. मला त्यांचा मोठा आधार वाटतो. ज्याच्या घरी डबा जायचा, त्याचे नाव मी डबा भरताना घेते. रात्रपाळी ताईंच्या सवयीसारखेच हे झाले.

दोन लेकरांची आई (इस्लामपूर)

ताई, बंधू लॉरेन्स यांच्याविषयी आदरच आहे, पण त्यांच्या पायाला एक मूल आणि कडेवर दुसरे नव्हते. मठातल्या घंटेने त्यांचा दिवस बांधलेला होता. माझा दिवस कोणत्याही घंटेने बांधलेला नाही. निरंतर प्रार्थनेवरची बहुतेक शिकवण ज्यांना एकांत मिळतो त्यांनी दिलेली असते, आणि ती ऐकल्यावर माझ्यासारखीला आपण कमी पडतो एवढेच कळते. हे तक्रार म्हणून लिहीत नाही. यावर कुणी खरोखर उत्तर द्यावे, असे वाटते.

माहेर केडगाव (सातारा)

बाळ, तुझे म्हणणे खरे आहे आणि त्याचे उत्तर एकटीने शोधायचे नाही. माझ्या माहेरचेच उदाहरण सांगते. 1905 मध्ये केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये जी मोठी आत्मिक जागृती झाली, ती जूनच्या अखेरीस. पण त्याआधी कित्येक महिने तेथील स्त्रिया व मुली गटाने रोज प्रार्थनेसाठी जमत होत्या. शेकडो मुलींची जेवणे, दळणे, शिकणे, विहिरीचे पाणी हे सारे सांभाळून ते चालले होते. एक गट कामाला असेल तेव्हा दुसरा गुडघ्यावर असे. पौलाचे पत्रही अख्ख्या मंडळीला लिहिलेले आहे. तुझे मूल झोपत नाही त्या रात्री तुझ्या वाट्याची प्रार्थना मी करीन. मंडळी त्यासाठीच असते.

जवारी (मिरज)

मी आमच्या मंडळीत भजनाला तंबोऱ्याची साथ करतो, आणि मिरजेत राहत असल्यामुळे सतारमेकर गल्लीत येणे-जाणे असते. निरंतर प्रार्थना मला तंबोऱ्यावरून समजली, म्हणून ते लिहितो.

गायकाचे लक्ष गाताना तंबोऱ्याकडे नसते. ते शब्दांकडे, तालाकडे, समेकडे असते. पण तंबोरा एक क्षण थांबला तर त्याला लगेच कळते, कारण त्याचे सगळे गाणे त्या सुरावर उभे असते. तो सूर त्याच्या विचारात नसतानाही कानात असतो. ताई पट्टी लिहितात तेव्हा त्यांचे लक्ष आकड्यांवर असणारच. एखादा व्यापारी वजनात फसवू लागला, तर त्यांचे मन जे एकदम खटकते, ते कोणत्या सुराशी ताडून खटकते?

याची दुसरी बाजूही आहे, आणि ती विसरली की पहिली बाजू केवळ गोड बोलणे ठरते. तंबोरा आपोआप सुरात राहत नाही. हवा दमट झाली की तारा उतरतात, तारांखालचा जवारीचा दोरा सरकतो. बसण्यापूर्वी खुंट्या पिळून आणि मणी सरकवून तो लावावाच लागतो, आणि मोठमोठे कलावंतसुद्धा मैफलीच्या मध्येच थांबून तो पुन्हा लावतात. श्रोते त्यांना दोष देत नाहीत. सकाळ-संध्याकाळची ठरलेली प्रार्थना मोडून ‘मी दिवसभर मनातच प्रार्थना करतो’ असे म्हणणाऱ्यांचा सूर काही महिन्यांत उतरलेला मी पाहिला आहे. ताईंनी त्या दोन वेळा सोडू नयेत.

पालखीमार्ग (लोणंद)

मी ख्रिस्ती नाही. वारकरी घरातला आहे. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी आमच्या गावी मुक्कामाला असते. हा धागा आस्थेने वाचतो आहे. आमच्याकडे हाताने काम आणि मुखाने नाम हे लहानपणापासून शिकवले जाते, आणि सावता महाराजांना तर मळ्यातल्या भाजीतच विठ्ठल दिसला. त्यामुळे काम आणि प्रार्थना यांचा मेळ घालणे आपल्या लोकांना इतके अवघड का वाटावे, असा प्रामाणिक प्रश्न पडला. चूक वाटल्यास क्षमा असावी.

सदर बझार (सातारा)

दादा, क्षमा कशासाठी? आपला प्रश्न मराठी ख्रिस्ती लोकांसाठी परका नाही. नारायण वामन टिळक हे आमचे मोठे भक्तकवी. 1895 मध्ये मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून ते आमच्या साताऱ्यास आले आणि त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला, ज्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले असे दोन्ही येऊ शकत. 1919 मध्ये ते गेले. आमच्या उपासनेत त्यांची भजने आजही आहेत, आणि त्यांतली अखंड स्मरणाची ओढ आपल्याला ओळखीची वाटेल.

तरीही एक फरक मला जाणवतो, तो नम्रपणे मांडतो. नामस्मरणात नाम घेणे हेच पुष्कळदा साधन आणि हेच फळ असते. ख्रिस्ती प्रार्थनेत स्मरणाबरोबर मागणे असते, विचारणे असते, आणि लेकराने बापाकडे करावी तशी तक्रारही असते. म्हणून उत्तराची वाट पाहणे आले. ताईंना काम आणि प्रार्थना यांचा मेळ घालणे जितके जड जाते, त्याहून ही वाट पाहणे अधिक जड जात असावे.

ताईंसाठी टिळकांच्या घरातलीच एक गोष्ट. त्यांच्या बाप्तिस्म्यानंतर पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे त्यांच्यापासून वेगळ्या राहिल्या. दोघांनीही त्या काळात किती सोसले, हे मराठी वाचकांना लक्ष्मीबाईंच्या लेखणीतून ठाऊक आहे. पुढे ते पुन्हा एकत्र आले आणि 1900 मध्ये लक्ष्मीबाईंनीही बाप्तिस्मा घेतला. प्रत्येक घरात असेच घडते, असे मी म्हणणार नाही; पण दुरावा आणि प्रार्थना यांचा एकत्र संसार या मातीतल्या माणसांनी केलेला आहे.

पालखीमार्ग (लोणंद)

उत्तर पटले. टिळक साताऱ्यात राहत होते, हे मला माहीत नव्हते. धन्यवाद.

पूररेषेखाली (सांगली)

कोरड्या प्रार्थनेविषयी लिहिते. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला पूर आला, तेव्हा आयर्विन पुलाखालच्या पाण्याच्या पातळीकडे सारे शहर डोळे लावून होते. आम्हांला घर सोडून एका शाळेत राहावे लागले. तेथे ना ठरलेली वेळ होती, ना कोपरा होता. माझ्या तोंडी ‘प्रभू, दया कर’ एवढेच येत होते, आणि तेही मी म्हणत होते की सवय म्हणत होती, हे सांगता येणार नाही. पाणी ओसरल्यावर चिखल काढता काढता तेवढेही बंद झाले.

प्रार्थना कशी करावी हे आपल्याला ठाऊक नसते आणि आत्मा स्वतः अनिर्वाच्य कण्हण्याने आपल्यासाठी मध्यस्थी करतो, हे रोमकरांस पत्राच्या 8व्या अध्यायातले वचन मला त्यानंतर समजले. मला पुन्हा उभे केले ते मात्र शेजारच्या एका वृद्ध बाईंनी. त्या संध्याकाळी येऊन बसत आणि मोठ्याने प्रार्थना करीत. मी फक्त ‘आमेन’ म्हणे. अमालेकाशी लढाई चालू असताना मोशेचे हात जड झाले, तेव्हा अहरोन आणि हूर यांनी दोन्ही बाजूंनी सूर्यास्तापर्यंत ते धरून ठेवले. कृष्णाकाठ ताई, भावासाठीची ही प्रार्थना तुम्ही एकट्याच वाहत आहात, असे तुमच्या लिहिण्यावरून वाटते. आणखी कुणाला सांगितले आहे का?

सरळ प्रश्न (विटा)

एक प्रश्न कुणीच विचारला नाही, म्हणून विचारतो. ताई, भावाला पत्र लिहिलेत का? वाटणीतला त्याचा हिस्सा त्याला मिळाला का? अर्तहशश्त राजाने नहेम्याला ‘तुला काय पाहिजे?’ असे विचारले, तेव्हा त्याने मनातल्या मनात स्वर्गीच्या देवाची प्रार्थना केली आणि लगेच उत्तरही दिले. पुढे यरुशलेमेच्या तटाला धोका निर्माण झाला, तेव्हा त्याने आणि लोकांनी प्रार्थना केली आणि रात्रंदिवस पहाराही ठेवला. ‘भावाला परत आण’ असे देवाला रोज सांगायचे आणि आपल्या हातातली किल्ली खिशातच ठेवायची, असे होत असेल तर प्रार्थना कोरडी होणारच. ताईंवर आरोप करीत नाही; परिस्थिती मला माहीत नाही.

दोन लेकरांची आई (इस्लामपूर)

सरळ प्रश्न दादा, भाषा थोडी मऊ ठेवावी. ताई दुःखात आहेत.

कृष्णाकाठ (सांगली)

दादांचा प्रश्न रास्त आहे. मला राग आला नाही. भावाचा हिस्सा काढून ठेवलेला आहे, तो वडिलांनी हयातीतच लिहून दिला होता. आईच्या आजारपणात पत्र पाठविले होते, ते परत आले. त्यानंतर त्याचा पत्ता आम्हांला कळलेला नाही. एका नातेवाइकांकडे तो असावा असे कानावर आहे. त्यांच्यामार्फत निरोप पाठविण्याचा विचार यापूर्वीही मनात आला होता, आता तो अमलात आणते.

बाकीच्या उत्तरांविषयी. पट्टीवर नाव लिहिताना त्या शेतकऱ्यासाठी एक वाक्य बोलण्यास मी सोमवारपासून सुरुवात केली. गर्दीच्या दिवशी ते सुटते, पण जवारी दादांनी लिहिल्याप्रमाणे मध्येच थांबून पुन्हा लावता येते. विश्वासवाट दादांचा आभार मानण्याचा सल्ला मी घेतला आहे. मात्र मागणे बंद करणार नाही. एवढ्या उत्तरांत मला सर्वांत जवळचे वाटले ते पौलाचे, कारण ज्या पत्रात त्याने ही आज्ञा दिली त्याच पत्रात तोही वाट पाहत होता, हे माझ्या ध्यानी कधी आले नव्हते.

पूररेषेखाली ताई, मी कुणालाही सांगितलेले नाही. बुधवारच्या प्रार्थनासभेत विषय मांडावा असे वाटते, पण घरातला वाद चारचौघांत गेला की त्याची चर्चा होते आणि ती भावाच्या कानावर गेली तर तो आणखी दुरावेल. अशा वेळी काय करावे, हे अनुभवी मंडळींनी सांगावे.

निवृत्त पाळक (वाई)

ताई, ही भीती योग्य आहे. मंडळीतल्या प्रार्थनेच्या विनंत्या चर्चेचे विषय होताना मी सेवेच्या काळात पाहिल्या आहेत, आणि त्यामुळे काही माणसे कायमची दूर गेलेलीही पाहिली आहेत. सभेत ‘दुरावलेल्या एका भावासाठी’ एवढेच सांगावे. वाटणी, घर, कारण यांतले काहीही नको. सविस्तर सांगायचे ते दोघी-तिघींनाच, आणि त्या अशा असाव्यात ज्यांनी पूर्वी तुमचे दुसरे काही गुपित राखले आहे.

थांबण्याच्या प्रश्नाविषयी एक जोडतो. इस्राएल लोकांनी शमुवेलाचे नेतृत्व नाकारून राजा मागितला. त्यांनी त्याला दुखावले होते. तरी तो त्यांना म्हणाला की, तुमच्यासाठी प्रार्थना करायचे सोडून देणे हे माझ्याकडून परमेश्वराविरुद्ध पाप होईल. दुखावणाऱ्यासाठी प्रार्थना करीत राहणे हे त्याने आपले कर्तव्य मानले, मग मनात ओलावा असो वा नसो. आणि ज्या दिवशी भावासाठी शब्दच येणार नाहीत, त्या दिवशी 88वे स्तोत्र मोठ्याने वाचा. ते अंधारातच संपते, आणि तरीही ते प्रार्थना म्हणूनच पवित्र शास्त्रात ठेवलेले आहे.

विश्वासवाट (कराड)

पाळकसाहेबांच्या 88व्या स्तोत्राच्या सल्ल्याशी मी सहमत नाही. रोज अंधाराची भाषा बोलल्याने मन अंधारातच राहते असे माझे मत कायम आहे. त्यामागोमाग 103वे स्तोत्रही वाचावे, असे सुचवितो. पण ताईंच्या भावासाठी आमच्या घरी आजपासून प्रार्थना होईल, आणि ती एकदाच करून आम्ही थांबणार नाही.

रात्रपाळी (मिरज)

ताई, दोघी-तिघींपैकी एक म्हणून मला धरावे. सांगली-मिरज अंतर ते किती! पुढच्या आठवड्यात माझी दिवसपाळी आहे, तेव्हा बुधवारी सायंकाळी मी तुमच्या मंडळीच्या सभेला येऊ शकते. वेळ आणि जागा निरोपातून कळवावी, येथे लिहू नये.

तासगावकर

आमच्या शनिवारच्या प्रार्थनागटात ‘दुरावलेला एक भाऊ’ एवढ्याच शब्दांत हा विषय घेत आहोत. नातेवाइकांकडून निरोपाचे उत्तर आले, तर आले एवढेच कळवावे. बाकीचे आम्ही विचारणार नाही.